करंजावरची छत्री

“मान जरा वर... हां, अश्शी. आता हलायचं नाही,” मी म्हणालो.

सवयीनं म्हणालो. समोर नवरी नव्हती. करंजाच्या फांदीवर चहाच्या कपाएवढं घरटं होतं आणि त्यात तीन पिल्लं होती, अंगावर पिसांची नुसती खुंटं फुटलेली. मी लाकडी स्टुलावर तोल सांभाळत उभा होतो. गळ्यात दोन भिंगांचा कॅमेरा, हातात प्रिंटच्या कडा कापायची कात्री.

घरट्यासमोर पानं फार होती, म्हणून मी ती कापली होती. आधी समोरची कापली. मग डावीकडची. तरीही घरटं अंधारातच दिसत होतं, म्हणून वरची चांगली हातभर डहाळी छाटून खाली टाकली. लख्ख ऊन घरट्यात उतरलं आणि मी खूश झालो. गडहिंग्लजच्या ज्या स्टुडिओत मी सहा वर्षं काम करत होतो, तिथले गुलाबभाई मुल्लाणी माझे उस्ताद. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “फोटोत नको ते बाजूला सार, भरत्या. बाकीचं कॅमेरा बघतो.” नवरीमागची मावशी, मुंजीतली खुर्ची, पासपोर्टवाल्याच्या कपाळावरची बट, सगळं मी इमानदारीनं बाजूला सारत आलो होतो. त्या दिवशी पानं सारली.

आणि काय सांगू, तिन्ही पिल्लांनी एकदम चोची उघडल्या! आतून पिवळ्याकेशरी, सताड उघडलेल्या. खाऊ मागत असणार, दुसरं काय? बारा फोटोंच्या रोलमधले सात मी धडाधड घेतले. पुण्याच्या एका संस्थेनं निसर्गछायाचित्रांची स्पर्धा ठेवली होती, पाच जूनपर्यंत फोटो पोचवायचा होता. त्यात नाव झालं की लग्नाच्या पंगती कायमच्या सुटल्या, असा माझा हिशेब होता. चोवीस वर्षांच्या माणसाचे हिशेब असेच असतात.

“झालं का फोटो काढून?”

खाली हौसाक्का उभ्या होत्या. आजऱ्याच्या पुढं ओढ्याकाठी त्यांचं घर. करंजाचं झाड त्यांच्या परड्यातलं. वय पन्नाशीच्या पुढचं, अंगानं काटक. सकाळी मी “पाखरांचा फोटो काढू का?” म्हणून विचारलं, तेव्हा “काढ की” म्हणून त्या शेताकडं गेल्या होत्या. भात पेरणीची घाई चालली होती.

“झालंच, आक्का. बघा तरी कशी खाऊ मागताहेत.”

हौसाक्कांनी आधी खाली पडलेली डहाळी बघितली. मग वर बघितलं. मग मला बाजूला करून स्वतः स्टुलावर चढल्या.

“खाऊ?” त्या म्हणाल्या. “आरं, आई जवळ आल्याबिगर पिल्लू खाऊ मागतंय व्हय? आई कुठाय? ती बघ तिकडं, वरडून वरडून मराय लागलीया. पिल्लास्नी भूक न्हाई लागल्याली. उनानं धापा टाकाल्यात ती!”

मी पुन्हा बघितलं. चोची उघड्याच होत्या. मघाशी ज्यांच्यावर जीव ओवाळून टाकावा वाटत होतं त्याच चोची. आता दिसलं की गळ्याजवळची कातडी भराभर उडत होती आणि तिसऱ्या, सगळ्यांत लहान पिल्लाची मान घरट्याच्या कडेवर कलंडली होती.

“दरसाल येत्यात ही बाणपाखरं,” हौसाक्का खाली उतरत म्हणाल्या. “आमच्या दारात बाळंतपणाला येत्यात. माहेरच हाय त्यांचं ह्ये. आणि तू बाळंतिणीच्या खोलीचं छप्पर उतरून फोटो काढलास व्हय रं?”

आमचं घर जैनांचं. मुंगी दिसली तर माझी आई वाट बदलून जाते. तिचा मुलगा कात्री घेऊन असा उभा.

मी छाटलेली डहाळी उचलून सुतळीनं परत बांधायला गेलो. पानं माना टाकून लोंबायला लागली होती आणि त्यातून सगळं ऊन खाली गळत होतं. दुसऱ्या झाडाची फांदी बांधून बघितली, तर मी तिथं खुडबुड करत होतो तोवर पाखरांची जोडी आणखी लांब गेली. हौसाक्का आत गेल्या आणि काळी, तीन ठिगळांची छत्री घेऊन आल्या. ती त्यांनी लांब वेळूच्या टोकाला करकचून बांधली आणि वेळू माझ्या हातात दिला.

“धर.”

“किती वेळ?”

“ऊन हाय तवर.”

“झाडालाच बांधूया की, आक्का.”

“बांध. सूर्यालाबी सांग जाग्यावर थांब म्हणून.” त्या पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, “आरं, ऊन सरकतंय, सावली सरकत्या. बांधल्याली छत्री सरकंल का? देवाच्या पालखीवर अब्दागिरी धरत्यात बघ, तशी धर. पालखी हिथंच हाय, देव हिथंच हाईत, फकस्त ऊन चालणार.”

मी झाडापासून चार पावलांवर उभा राहून छत्री धरली. सावली घरट्यावर पडली. पाच मिनिटांनी मोठ्या दोघांच्या चोची मिटल्या. तिसऱ्याची मान तशीच कलंडलेली.

“आई येऊन पंख पसरून सावली करेलच ना?” मी दबक्या आवाजात विचारलं.

“करंल. आणि ती सावली धरून बसली तर किडं कोण आणणार? तुझा बाप?”

त्या शेतावर निघून गेल्या. मी राहिलो.

पहिला तास पाखरं जवळ आलीच नाहीत. मादी विटकरी रंगाची, डोक्यावर काळा तुरा, ओढ्यापलीकडच्या फांदीवर बसून माझ्या नावानं शंख करत होती. नर एकदाच दिसला, पांढराशुभ्र, शेपटीच्या दोन लांब फिती मागं सोडून गेला. हात भरून आले. खांद्यात कळ उठली. मी मनात म्हणालो, ये बाई, ये एकदा, मी पुन्हा कात्रीला हात लावणार नाही. आणि दुसऱ्या तासाच्या शेवटी ती आली. घरट्याच्या कडेवर बसली, छत्रीकडं मान वाकडी करून बघितलं आणि मोठ्या दोघांना काहीतरी भरवलं. मग तिसऱ्याला चोचीनं टोचलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यानं मान उचलली आणि इवलीशी चोच उघडली.

मला रडू आलं. हात मोकळे नसल्यामुळं डोळेही पुसता येईनात.

संध्याकाळी चारनंतर ऊन डोंगराआड गेलं आणि सुटका झाली. हौसाक्का घरी आल्यावर मी विचारलं, “अजून किती दिवस?”

“अजून चार तरी. शनिवारपातूर उडतील.” मग माझ्याकडं न बघता चुलीत फुंकर घालत म्हणाल्या, “तू जा. तुझीबी कामं असतील. मी धरीन.”

“आणि तुमची पेरणी?”

“ऱ्हाईल की. तिला काय हुतंय.”

हे त्या अगदी सहज म्हणाल्या, त्यामुळं मला जाता येईना. मी गडहिंग्लजच्या एसटीच्या कंडक्टरकडं गुलाबभाईंसाठी चिठ्ठी दिली: पाखरांवर छत्री धरून उभा आहे, शनिवारी येतो. कंडक्टरनं दोनदा वाचून माझ्याकडं बघितलं आणि चिठ्ठी तिकिटाच्या पेटीत ठेवली.

बुधवार तसाच गेला. सकाळी दहाला छत्री, दुपारी उभ्याउभ्याच भाकरी, संध्याकाळी चारला सुटका. गावातून जाणारा प्रत्येक जण थांबायचा. “काय ओ, फोटोवाले, पाखरांची वरात कवा?” एक म्हातारा तर छत्रीखाली येऊन तंबाखू मळून गेला. पण एक गंमत झाली. करायला दुसरं काहीच नव्हतं, म्हणून मी बघायला लागलो. नर नेहमी खालून येतो आणि मादी वरून, हे मला कळलं. लहान पिल्लू दर खेपेला मागं राहतं आणि आई त्याला शेवटी का होईना विसरत नाही, हेही कळलं. ऊन पानांतून आलं की हिरवं होऊन येतं आणि त्या हिरव्या उजेडात विटकरी रंग असा काही उजळतो की स्टुडिओतले चारही दिवे त्याच्यापुढं झक मारतील. सहा वर्षं मी उजेडावर पोट भरत होतो. उजेड बघितला तो त्या बुधवारी.

गुरुवारी दुपारी बाराच्या गाडीनं गुलाबभाई आले.

पायवाटेवरून त्यांचा पांढरा सदरा लांबूनच दिसला. घामानं अंगाला चिकटला होता. त्यांनी छत्री बघितली, वेळू बघितला, मला बघितलं.

“या अल्ला! भरत्या, तू खरंच—”

“भाई, हळू. ती आत आहे.”

गुलाबभाई तोंड उघडं ठेवून थांबले. मग पुढचं सगळं त्यांनी कुजबुजत सुरू केलं. कुजबुजत रागावणं फार अवघड असतं. माणूस लाल होतो आणि आवाज मात्र आजाऱ्याजवळ बसल्यासारखा येतो.

“उद्या नेसरीच्या पाटलांचं लग्न आहे. दोनशे पानांची पंगत. कॅमेरा तुझ्या गळ्यात. तुला ऊन लागलंय का?”

“मला नाही, भाई. त्यांना लागलंय.”

“म्हणजे?”

मी हनुवटीनं छाटलेला भाग दाखवला. फांद्यांची पांढरी टोकं उन्हात चमकत होती.

“कुणी कापलं हे?”

“मी. प्रिंटच्या कात्रीनं. नको ते बाजूला सारायचं, तुम्हीच शिकवलंत.”

गुलाबभाई वर बघत राहिले. चिडतील असं मला वाटलं होतं. ते चिडले नाहीत. म्हणाले, “माझी गिऱ्हाईकं बोलतात रे, भरत्या. ऊन लागलं तर ‘लवकर आटपा’ म्हणून ओरडतात.” आणि मग हळूच, “मला हे सुचलं नव्हतं.”

एवढ्यात नर आला. ओढ्यावरून खालच्या अंगानं, पाण्याला घासून, पांढऱ्या फिती मागं लहरत. छत्रीच्या काडीवर बसला. अर्धा पळ बसला असेल. मग घरट्याच्या कडेवर उतरला आणि फिती खाली सोडून पिल्लांवर वाकला. आमच्यापासून चार पावलांवर.

“सुभानल्ला,” गुलाबभाई म्हणाले. मग एकदम माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडं बोट करून, “अरे, घे ना! घे की फोटो!”

“हात मोकळे नाहीत, भाई.”

“मग मी घेतो!” त्यांनी माझ्या गळ्यातून पट्टा ओढायला सुरुवात केली, माझी मान वाकडी झाली, छत्री हलली आणि पाखरू उडालं. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. मग मला हसू फुटलं. गुलाबभाईंनाही फुटलं. दोघांनी तोंडं दाबून, खांदे हलवत, पोट दुखेपर्यंत हसून घेतलं.

तेवढ्यात हौसाक्का भाकरी घेऊन आल्या. त्यांनी पाहुण्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“ह्ये कोण?”

“माझे उस्ताद. यांनीच मला शिकवलं.”

“मग ह्यांच्याच हातात द्याया पायजे काठी,” असं म्हणून त्यांनी वेळू माझ्या हातातून काढून गुलाबभाईंच्या हातात दिला. “तू जेव. तीन दिस उभ्यानं खाल्लंयस.”

गडहिंग्लजच्या निम्म्या लग्नांचे फोटो काढलेला तो माणूस अर्धा तास छत्री धरून उभा राहिला. सावली सरकली की हौसाक्का नुसतं “हं” म्हणायच्या आणि ते एक पाऊल डावीकडं व्हायचे. दोनच्या गाडीनं ते परत गेले, कॅमेरा घेऊन. जाताना म्हणाले, “लग्न मी उरकतो. तू हे उरक.”

म्हणजे शुक्रवारी आणि शनिवारी माझ्याकडं कॅमेराच नव्हता. आणि शनिवारी सकाळी, ऊन वर यायच्या आत, मोठं पिल्लू घरट्याच्या कडेवर चढलं. तिथं बसून त्यानं उगीचच पंख फडफडवले. मग दुसऱ्या फांदीवर गेलं, म्हणजे पडलं म्हणायला हवं, पण बरोबर फांदीवर पडलं. दुसरं त्याच्या मागोमाग. तिसरं बसून राहिलं. हौसाक्का पेरणीचं टोपलं खाली ठेवून माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. आई समोरच्या फांदीवरून हाका मारत होती. ऊन घरट्याच्या कडेला टेकलं, मी घाईनं छत्री पुढं केली आणि ते लहान पिल्लू छत्रीच्याच दचक्यानं उडालं. उडालं ते थेट ओढ्याच्या पलीकडं, दोघा थोरल्यांना मागं टाकून!

“बघितलास?” हौसाक्कांनी माझ्या पाठीत गुद्दा घातला. “बघितलास का न्हाई? मागचं पुढं गेलं!”

मी बघितलं होतं. हातात कॅमेरा नव्हता म्हणून असेल, पण आजही डोळे मिटले की ते उड्डाण जसंच्या तसं दिसतं.

गडहिंग्लजला पोचलो तेव्हा गुलाबभाईंनी रोल धुऊन ठेवला होता. रोलमधले पाच फोटो उरले होते, ते त्यांनी पाटलांच्या लग्नात वापरून टाकले होते. बारा छोटे फोटो एकाच कागदावर. सात ठिकाणी आ वासलेली पिल्लं आणि पाच ठिकाणी जिलेबी तोंडात घालणारे वऱ्हाडी. पाटलांनी तो कागद बघितला असता तर स्टुडिओला कुलूप लागलं असतं. पिल्लांचा एक फोटो भाईंनी मोठा करून, मला न विचारता, माझ्या नावानं पुण्याला पाठवूनही दिला होता. नावही त्यांनीच दिलं होतं: ‘भूक’.

ऑगस्टमध्ये पत्र आलं. पहिला क्रमांक. परीक्षकांनी लिहिलं होतं की आईची वाट बघणाऱ्या भुकेल्या जिवांचा इतका बोलका फोटो त्यांनी पाहिला नव्हता. खोटं कशाला बोलू, मी स्टुडिओत नाचलो. गुलाबभाईंनी अख्ख्या गल्लीला पेढे वाटले. मी पुण्याला जाऊन टाळ्या घेतल्या, प्रमाणपत्र घेतलं, फोटो काढून घेतला. धापा टाकणारी पिल्लं आहेत असं कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, तेही आज कळत नाही.

त्यानंतर चाळीस वर्षं मी हेच करत आलो. पंगती सुटायला आणखी सात वर्षं लागली, पण सुटल्या. काजवे, गवे, बेडूक, दाजीपूरच्या दवातली कोळ्याची जाळी. माझ्या फोटोंत पाखरू नेहमी लहान असतं आणि निम्मं तरी पानांआड असतं. लोक त्याला माझी शैली म्हणतात, त्यावर लेख लिहितात. एका प्रदर्शनात एका मुलीनं विचारलं, “सर, तुम्ही मधली पानं बाजूला का करत नाही?” मी म्हणालो, “पानं त्यांची आहेत.” ती हसली. तिला वाटलं मी कविता करतोय.

पण मला सांगायचं आहे ते त्याच वर्षीच्या दिवाळीतलं. बक्षिसाचा फोटो चौकटीत बसवून मी हौसाक्कांकडं घेऊन गेलो. त्यांना आनंद होईल म्हणून नव्हे, थोडी शाबासकी मिळावी म्हणून. त्या परड्यात भात झोडत होत्या. हात पदराला पुसून त्यांनी चौकट घेतली आणि अंगणात, उजेडाला धरून बघायला लागल्या.

“आक्का, पहिलं बक्षीस आलंय याला. सगळ्या महाराष्ट्रात पहिलं.”

त्या फोटो बघत राहिल्या. फोटोत ते लख्ख ऊन होतं, त्या तीन उघड्या चोची होत्या, कडेवर कलंडायला आलेली ती तिसरी मान होती. बघता बघता हौसाक्कांनी चौकट डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताचा पंजा काचेवर, वरच्या कडेशी, आडवा धरला. त्या पंजाची सावली पिल्लांवर पडली.

“आक्का,” मी म्हणालो, “उडाली ती. तुमच्यासमोरच उडाली की.”

“व्हय, उडाली की,” त्या म्हणाल्या. पण हात काढला नाही.